सुदान देशासाठी प्रार्थना : ती कोणत्या गोष्टीची करावी

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील वाचकांस दुष्काळाचे वर्णन करून सांगावे लागते असे नाही. आटलेल्या विहिरी, दावणीची जनावरे बाजारी नेणारा शेतकरी आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली गावे त्यांनी पाहिलेली आहेत. म्हणून आफ्रिका खंडातील सुदान देशाच्या दुष्काळाची हकीकत त्यांजपुढे मांडताना केवळ करुणा उत्पन्न करावी असा हेतू नाही. देवळांत, मशिदींत, गुरुद्वारांत, चर्चमध्ये व विहारांत ज्या लोकांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती करावयाची, त्यांजवरील संकटाचे खरे कारण प्रार्थना करणारास ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे. कारण ठाऊक नसता प्रार्थना भलत्याच गोष्टीची होण्याचा संभव असतो. आणि सुदानच्या बाबतीत तो संभव फार मोठा आहे.

दुष्काळ म्हटला की आपले हात आभाळाकडे जातात. खेडोपाडी मुले अंगास लिंबाचा पाला बांधून धोंडी मागत फिरतात, मुसलमान बंधू मैदानात एकत्र होऊन पावसासाठी नमाज पढतात, आणि घरोघरी देव पाण्यात ठेवले जातात. ही रीत आपल्या अनुभवास धरूनच आहे, कारण आपले दुष्काळ बहुतेक अवर्षणाचे. परंतु सुदानचा हा दुष्काळ पावसाने डोळे वटारल्यामुळे पडलेला नाही. तो माणसांनी पाडला आहे. ह्या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच असून ते आता क्रमाने मांडतो.

हकीकत

सुदान हा देश आफ्रिकेच्या ईशान्येस नाईल नदीच्या काठी वसलेला आहे. १ जानेवारी १९५६ रोजी तो स्वतंत्र झाला. ९ जुलै २०११ रोजी त्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन दक्षिण सुदान हे नवे राष्ट्र झाले, आणि त्याबरोबर खनिज तेलाच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्साही गेला. तेव्हापासून सरकारी तिजोरीस जी गळती लागली ती थांबली नाही. चलनाची किंमत उतरत गेली, महागाई वाढत गेली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये भाकरतुकडा महागला म्हणून अटबारा ह्या रेल्वेच्या गावी लोक रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचा वणवा देशभर पसरून ११ एप्रिल २०१९ रोजी तीस वर्षे सत्तेवर असलेल्या उमर अल् बशीर ह्यांस पायउतार व्हावे लागले.

त्यानंतर लष्कर व नागरिक ह्यांचे संयुक्त सरकार झाले आणि अब्दल्ला हमदोक हे पंतप्रधान झाले. निवडणुका होऊन लोकांचे राज्य येईल अशी आशा होती. परंतु २५ ऑक्टोबर २०२१ रोजी लष्कराने ते सरकार मोडले. मग लष्कराचे प्रमुख जनरल अब्दल फत्ताह अल् बुरहान आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ नामक निमलष्करी दलाचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ह्या दोघांतच वाटणीवरून वितुष्ट आले. दोन म्यानांतल्या तलवारी एका म्यानात बसेनात. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानचे अखेरचे दिवस चालू असता, राजधानी खार्टूम येथे भर वस्तीत तोफा सुरू झाल्या. त्या प्रसंगी आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ काढून हजारो हिंदी लोकांस पोर्ट सुदान बंदरावरून जेद्दामार्गे मायदेशी आणले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आपले लोक परत आले. त्यांचे शेजारी मात्र तेथेच राहिले.

त्या युद्धाने २०२५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लक्ष लोकांस घरादारास मुकविले. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मिळून सुमारे ५८ लक्ष भरते. तिच्या दुपटीइतके लोक घर सोडून निघाले, कोणी देशातच रानोमाळ भटकले, कोणी चाड, इजिप्त व दक्षिण सुदान ह्या शेजारच्या मुलखांत गेले, असे मनात आणले म्हणजे ह्या आकड्याचा काहीसा बोध होईल. चलनाची अवस्था पाहता, युद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरास सुमारे ६०० सुदानी पौंड पडत. २०२५ मध्ये खुल्या बाजारात ३,००० च्या वर पडू लागले. ज्याच्या गाठी पैसा होता त्याच्याही पैशाची माती झाली.

दुष्काळ हा शब्द केव्हा लावतात

आपल्याकडे दुष्काळ जाहीर करण्याचे जुने माप म्हणजे पैसेवारी. पीक पन्नास पैशांच्या आत आले की सवलती लागू होत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळींचे माप निराळे आहे. त्यांनी अन्नटंचाईच्या पाच पायऱ्या मानल्या असून पाचव्या व अखेरच्या पायरीसच ते दुष्काळ म्हणतात. एखाद्या भागातील शंभरांपैकी निदान वीस कुटुंबांस अन्नाचा आत्यंतिक अभाव असावा, शंभरांपैकी निदान तीस बालके तीव्र कुपोषित असावीत, आणि उपासमारीने व तज्जन्य रोगाने दर दहा हजार लोकांमागे रोज दोन माणसे मरत असावीत. ही तिन्ही लक्षणे जुळली तरच तो शब्द उच्चारावयाचा, असा दंडक आहे. आपली पैसेवारी पिकाची असते. ही मोजणी माणसांची आहे. म्हणून हा शब्द क्वचितच आणि फार जड अंतःकरणाने उच्चारला जातो.

तो शब्द १ ऑगस्ट २०२४ रोजी सुदानच्या दारफूर प्रांतातील झमझम ह्या निर्वासितांच्या छावणीस लावण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी काही छावण्यांस व नूबा पर्वताच्या पश्चिम भागास लावला गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अल् फाशर व कादुगली ह्या दोन शहरांसही लावला गेला. अल् फाशर शहरास मे २०२४ पासून वेढा पडलेला होता. वेढ्याच्या अखेरच्या काळात तेथील लोक ‘अंबाझ’ खाऊन राहिले. अंबाझ म्हणजे भुईमूग किंवा तीळ ह्यांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड. आपल्याकडे पेंड कोणापुढे ठेवतात हे सांगावयास नको. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते शहर रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या हाती पडले, आणि त्यानंतर तेथे झालेल्या कत्तलीची वर्णने साऱ्या जगाने वाचली.

जमीन सुपीक, नदी वाहती, तरी उपासमार

आता कोणी म्हणेल की तो देश वाळवंटी, तेथे पिकत काय असणार? हा समज खरा नाही. उत्तरेकडे वाळवंट आहे हे खरे. पण निळी नाईल व पांढरी नाईल ह्या दोन नद्यांच्या दुआबात गझीरा नावाचा जो प्रदेश आहे, त्याची भुई आपल्या गोदाकाठच्या भुईची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. तीच काळी, चिकण, उन्हाळ्यात हातहात भेगाळणारी आणि पावसात पायास चिकटणारी जमीन. १९२५ मध्ये सेन्नार येथे धरण बांधून तेथे पाटबंधाऱ्याची योजना सुरू झाली. तिच्याखाली सुमारे ९ लक्ष हेक्टर क्षेत्र आले. कापूस हे तिचे प्रमुख पीक. नांदेडचा कापूस आणि गझीऱ्याचा कापूस एकाच जातीच्या मातीत वाढले आणि एकाच काळी कापडगिरण्यांच्या बाजारात गेले.

ह्याहूनही जवळचे नाते ज्वारीचे आहे. ज्वारीस सुदानात ‘दुरा’ म्हणतात. तिच्या पिठाचे आंबवून पातळ घावन करतात त्यास किसरा व घट्ट शिजवितात त्यास असिदा म्हणतात. आपली आंबील व कण्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांस हे पदार्थ परके वाटणार नाहीत. पण नाते एवढ्यावर संपत नाही. पूर्व सुदानात सापडलेल्या पाचसहा हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर ज्वारीच्या कणसांचे व तुसाचे ठसे आढळले असून, रानटी ज्वारीस माणसाने प्रथम तेथेच शेतात आणले असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते. तेथून ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. म्हणजे मराठवाड्याच्या ज्या भाकरीस आपण अगदी आपली म्हणतो, तिचे माहेर सुदानाच्या बाजूस आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो आपल्या लोकांनी नाके मुरडीत का होईना खाल्ली. ती मिलोही त्याच आफ्रिकी ज्वारीची वंशज होती.

हा ऋणानुबंध अलीकडेही चालू राहिला आहे. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांची जी आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था आहे, तिच्या वतीने सुदानात काम करताना गेबिसा एजेटा ह्या इथिओपियन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ‘हागीन दुरा’ नावाची संकरित ज्वारी तेथील शेतकऱ्यांस मिळवून दिली. २००९ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि मागे पाहावयाचे तर सुदानच्या शेजारच्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हाच पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर होऊन परांड्यास व नंतर आपण वसविलेल्या खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, राहिला, आणि त्याने तेथे नहरीने पाणी खेळविले. आपल्या मराठवाड्यास पाण्याचा धडा देणाऱ्यांत एक आफ्रिकेचा पुत्र होता, हे विसरून चालणार नाही.

असा तो सुपीक गझीरा प्रदेश डिसेंबर २०२३ मध्ये युद्धाच्या कचाट्यात सापडला. वाद मदनी हे त्याचे मुख्य शहर रॅपिड सपोर्ट फोर्सेसने घेतले, ते लष्कराने जानेवारी २०२५ मध्ये परत मिळविले. मधल्या तेरा महिन्यांत शेतकरी पळाले, कालवे गाळाने भरले, अवजारे व कोठारे लुटली गेली. त्याच शहरात देशाचे बियाणे जतन करण्याचे राष्ट्रीय भांडार होते. तेही लुटीतून सुटले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदानच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीचे व इतर पिकांचे वाण नॉर्वेच्या हद्दीतील स्वालबार्ड बेटावरील बीजकोशात ठेवण्यास पाठविले, ते ह्यासाठीच की घरचे कोठार उरले नाही तरी वंश उरावा. पेरणीचे बी मोडून खाण्याची पाळी शेतकऱ्यावर येणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. येथे तर साऱ्या राष्ट्राच्या बियाण्यावर घाला पडला.

आपल्या अनुभवाची साक्ष

आता आपल्याच इतिहासातील दोन दाखले द्यावयाचे आहेत. ते ह्यासाठी की अवर्षण आणि दुष्काळ ह्यांमध्ये काय उभे असते हे त्यांवरून कळावे.

पहिला दाखला १९७२-७३ चा. त्या वर्षी मराठवाड्यात पीक जवळजवळ बुडाले. परंतु सरकारने कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर महाराष्ट्रभर, मे १९७३ च्या सुमारास, जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. कामावर सुकडी मिळे, मजुरी मिळे, शिधावाटपाच्या दुकानी मिलो मिळे. हाल फार झाले, जनावरे फार गेली, कित्येक कुटुंबे कायमची मुंबई-पुण्यास गेली; पण जुन्या दुष्काळांप्रमाणे गावेच्या गावे उपासमारीने ओस पडली नाहीत. वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीस १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले, व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागितल्यास काम मिळणे हा तेव्हापासून हक्क झाला, उपकार राहिला नाही.

दुसरा दाखला लातूरचा, २०१६ चा. मांजरा धरण आटले, आणि पाण्याच्या टाक्यांपाशी दंगे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात आली. तीत सुमारे ५ लक्ष लिटर पाणी होते. गाडी निघाली ती पोहोचलीच. वाटेत कोणी रूळ उखडले नाहीत, कोणी सेनापतीने तीस अडवून जकात मागितली नाही, चालकावर कोणी गोळी झाडली नाही. जमावबंदीचा हुकूम सर्वांनी पाळला, कारण हुकूम देणारी सत्ता एकच होती आणि ती कायद्याने बांधलेली होती.

ह्या चित्राशेजारी सुदानचे चित्र ठेवावे. जून २०२५ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या पंधरा मालमोटारी अन्न व औषधे घेऊन पोर्ट सुदानहून निघून १,८०० किलोमीटरांहून अधिक वाट चालून अल् फाशरच्या अलीकडे अल् कोमा येथपर्यंत आल्या होत्या. पुढे जाण्याच्या परवानगीची वाट पाहत त्या उभ्या असता त्यांवर हल्ला झाला; पाच माणसे ठार झाली, मोटारी जळाल्या, आणि वेढ्यातल्या उपाशी शहरास त्यांतला दाणाही पोहोचला नाही. त्याआधी चाड देशाच्या सरहद्दीवरील अद्रे हा रस्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद करण्यात आला तो ऑगस्टपर्यंत बंदच होता. एवढ्या महिन्यांत पलीकडे धान्य होते आणि अलीकडे मुले मरत होती.

तात्पर्य, अवर्षण आभाळातून येते. दुष्काळ अडविलेल्या रस्त्यावरून येतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या लोकांनी शतकानुशतके जपून ठेवली ती ह्याच जाणिवेने. त्या कथेतही धान्य होते. बेदरच्या बादशहाची कोठारे भरलेली होती. उणीव होती ती कुलूप काढणाऱ्या हाताची. सुदानात उणीव आहे तीच.

कायदा काय म्हणतो

उपासमार हे लढाईचे हत्यार म्हणून वापरणे हा अपराध आहे. जिनिव्हा करारांस १९७७ मध्ये जोडलेल्या दोन्ही पूरक करारांत तसे स्पष्ट म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २४ मे २०१८ रोजी केलेल्या २४१७ क्रमांकाच्या ठरावातही त्याचा निषेध आहे. दारफूरचे प्रकरण त्याच समितीने २००५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपविले होते. त्यातील एका आरोपीस, अली कुशैब ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीप्रमुखास, वीस वर्षांपूर्वीच्या अत्याचारांबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. निकाल झाला हे चांगलेच. पण तो येईपर्यंत त्याच भूमीत नवे अत्याचार घडून गेले होते.

संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र विरुद्ध पक्षास शस्त्रे पुरविते असा आरोप करून सुदान सरकारने मार्च २०२५ मध्ये हेगच्या दुसऱ्या न्यायालयात, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात, दावा लावला. अमिरातीने आरोप नाकारला. ५ मे २०२५ रोजी न्यायालयाने आपणांस ह्या प्रकरणी अधिकारक्षेत्रच नाही म्हणून तो दावा काढून टाकला. आरोप खरा की खोटा ह्याचा निवाडा झालाच नाही. वकिली करणारास ह्यात नवल वाटत नाही. अधिकाराशिवाय न्यायालय बोलू शकत नाही. परंतु ज्याच्या पोटात आग पडली आहे त्यास ह्याचा अर्थ एवढाच समजतो की एक दार आणखी बंद झाले.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

येथे कोणी विचारील की, आपल्याच घराचे वासे फिरले असता परमुलखाची चिंता का वाहावी? २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ह्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी सोयाबीन कुजली, माती वाहून गेली, नांदेड जिल्ह्यात गावे पाण्याखाली गेली. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली नाही असा महिना जात नाही. हा आक्षेप क्षुद्र बुद्धीचा नव्हे, आणि त्यास हसण्यावारी नेणे बरे नव्हे.

त्याचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक तर घरच्या दुःखितास द्यावयाचे ते त्यास आधी द्यावे. त्यातून काढून दुसऱ्यास द्या असे कोणी म्हणत नाही. प्रार्थनेस मात्र ही वाटणी लागू नाही. ती एकासाठी केल्याने दुसऱ्यासाठी उणी पडत नाही. दुसरे असे की, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली तेव्हा मदत आली ती अशा देशांतूनही, ज्यांतील लोकांनी लातूरचे नाव त्यापूर्वी ऐकले नव्हते. त्यांनी आमचे घर आधी की तुमचे, असा वाद घातला नाही. त्या ऋणाची फेड त्याच सावकारास करता येत नसते. पुढच्या गरजवंतास करावी लागते.

शिवाय ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे मागितले आहे ते एका गावासाठी वा एका जातीसाठी नाही, भूतमात्रासाठी आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब येथे, जेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजींचे देहावसान झाले, रोजच्या अरदासीचा शेवट सर्वांच्या कल्याणाच्या इच्छेने होतो. आणि त्याच आवारातील लंगरात पंगतीस बसणाऱ्यास कोणी त्याचा मुलूख विचारीत नाही.

मागणे

दिवाणी दाव्याच्या अखेरीस जे कलम असते त्यास इंग्रजी भाषेत प्रार्थना हाच शब्द आहे. आपल्याकडे तेथे ‘विनंती’ असे लिहितात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशातील सातवा नियम असा की, वादीस जी दाद हवी ती त्याने स्पष्ट शब्दांत मागावी. देवाच्या दरबारात असा नियम नाही. तो न मागता जाणतो. तरीपण मागणारास आपण काय मागतो हे कळावे म्हणून तोच क्रम येथे धरला आहे. ज्याने त्याने आपापल्या धर्माच्या शब्दांत पुढील गोष्टी मागाव्यात :

(१) दोन्ही सेनापतींच्या व त्यांस शस्त्रे व पैसा पुरविणारांच्या मनात लढाई थांबविण्याची बुद्धी उत्पन्न व्हावी. त्या देशाचे सोने हे ह्या युद्धाचे इंधन झाले आहे; ते पेटविण्याच्या कामी न येता रयतेच्या कामी यावे.

(२) धान्याच्या गाड्यांस वाट मिळावी. बंदरापासून छावणीपर्यंत कोणी आडवे येऊ नये.

(३) जून-जुलैचा पाऊस तेथेही पेरणीचाच असतो. त्या वेळी शेतकरी आपल्या शेतात असावा, त्याच्या हाती ज्वारीचे बी असावे, आणि मार्गशीर्षात कापणीस तोच जिवंत असावा.

(४) जे उपाशी असून दुसऱ्यास जेवू घालतात त्यांचे रक्षण व्हावे. सुदानच्या गल्लोगल्ली तरुण स्त्रीपुरुषांनी ‘आपत्कालीन मदत खोल्या’ उभारून सामुदायिक चुली पेटविल्या आहेत. त्या चुलींस तेथे ‘तकिया’ ह्या सूफी परंपरेच्या नावानेच ओळखतात; आपल्या गावाबाहेरचा फकिराचा तकिया ज्यांनी पाहिला आहे त्यांस हा शब्द कानास गोड लागेल. ह्या लोकांपैकी कित्येकांस अटक झाली, कित्येक मारले गेले. २०२५ मध्ये त्यांच्या कार्यास राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण त्यांचे मागणे पुरस्काराचे नव्हते, पीठ व सरपण ह्यांचे होते.

(५) त्या देशात बंदुकीचे राज्य जाऊन कायद्याचे राज्य यावे. आपल्या १९७२ च्या अनुभवाची साक्ष घेतली तर दुष्काळावरचा कायमचा उपाय हाच होय, आणि म्हणून राज्यव्यवस्थेसाठी प्रार्थना करणे ही भाकरीसाठीच केलेली प्रार्थना होय.

(६) आणि आपणांसाठी एवढेच, की दूरचे दुःख रोज ऐकून आपले कान बधिर होऊ नयेत.

प्रार्थनेबरोबर काय करावे

दाद मागणारास कोर्टाची फी भरावी लागते. प्रार्थनेची फी म्हणजे यथाशक्ती दान. त्याविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील धर्मादाय न्यासांनी आपले उत्पन्न परवानगीवाचून देशाबाहेर खर्च केल्यास आयकराच्या सवलतीस मुकण्याचा धोका असतो. सबब न्यासाच्या विश्वस्तांनी भावनेच्या भरात ठराव करण्यापूर्वी हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. व्यक्तीस मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, ठरलेल्या मर्यादेत, परदेशी देणगी पाठविता येते. तरी ती जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ वा रेडक्रॉस अशा सर्वश्रुत संस्थांसच, खातरजमा करून पाठवावी. अनोळखी नावाने फिरणाऱ्या आवाहनांपासून दूर राहावे.

ज्यांस द्रव्य देणे शक्य नाही त्यांनीही हात आखडते घेऊ नयेत. एका वेळची भाकरी वाढून घेताना, ही ज्वारी कोणत्या मुलखातून आपल्या पूर्वजांच्या शेतात आली ह्याची आठवण मुलांबाळांस करून द्यावी, आणि त्या मुलखातील मुलांच्या ताटात ती परत पडावी असे सर्वांनी मिळून म्हणावे. असे म्हणण्यास फार शिकावे लागत नाही, वर्गणीही लागत नाही. वाचकहो, ह्या पत्रकाच्या द्वारे आपणांपाशी आज एवढेच मागणे आहे.